शेरा

हर्णैला, मच्छीमार सोसायटीत
मी डिझेलचं रजिस्टर लिहिते.
नौकेचं नाव, नंबर, लिटर, सही.
शेवटचा रकाना शेऱ्याचा.
सतरा वर्षं तो बहुतेक कोराच.

हसुराम तांडेल खडपाजवळ गळ सोडून
रात्र रात्र बसायचा,
सकाळी रिकामी टोपली माझ्या खिडकीखाली ठेवून म्हणायचा,
'घोळ आली होती. हुंगून गेली.'
आमिष शाबूत. दोरीला फक्त एक बारीक झटका,
तोही त्याच्याच बोटाला कळलेला.
बाकीच्यांना मासळी मिळायची नाही.
हसुरामची हुंगून जायची.

नातवानं, निहारनं, ते मोबाइलवर घेतलं.
अकरा सेकंद. मागे लिलावाचा गलका,
बर्फाच्या गाडीचा भोंगा,
मध्येच एक कुत्रं पडद्यावरून चालत गेलेलं.
मला वाटलं, बघणार कोण.

तर नाशिकची एक मुलगी
आरशासमोर केसांतला गुंता काढत म्हणाली,
तीन महिने रोज बोलला, भेटायचं ठरलं नि हुंगून गेला.
कुणाची नोकरी शेवटच्या मुलाखतीपर्यंत येऊन हुंगून गेली.
दोन निळ्या खुणा पडल्या, उत्तर नाही: हुंगलं.
लातूरचा एक जण तर स्वतःच कबूल झाला,
'आपण हुंगणारे आहोत भावा, सिरियसली घेऊ नको.'

इकडे आमची पोरं 'विषय हार्ड' म्हणत जाळी धुतात.
तो शब्द कुंभार्ली घाट न उतरता आला,
हा न चढता गेला.
एकालाही गाडी लागली नाही.

दिवाळीत मुरुडच्या किनाऱ्यावर टी-शर्ट लटकले,
'हुंगून गेली', खाली मासा.
मासा पापलेट होता.
पापलेट गळाला कुठलं लागायला,
पण दोनशे रुपयांत तेवढं कोण बघतं.
मी एक घेतला. भाच्यासाठी, असं सांगून.

मग एका सकाळी
हसुरामनं टोपली ठेवली, नेहमीचं म्हणाला,
आणि कोळंबीचा भाव करणारी पुण्याची एक पाहुणी
खळखळून हसली:
'आजोबा, तुम्हीपण रील बघता?'
तो तिच्याकडे बघत राहिला.
माझ्याकडे नाही बघितलं. बरं झालं,
टी-शर्ट माझ्याच पिशवीत होता.

त्यानंतर तो नुसती टोपली ठेवायचा.
दुसरा शब्द त्यानं शोधला नाही.
निहार म्हणाला, आता तसाही जुना झाला तो,
आता कोण बोलतं.
पाच महिने. आमच्याकडे मीठसुद्धा
याहून जास्त टिकतं.

फाल्गुनात हसुरामच्या छातीत कळ आली.
होळीची लाकडं रचत होते, तिथूनच रिक्षात घालून
दापोलीला नेलं, मग पुढे रत्नागिरीला.
होळी झाली, पालखी नाचली,
खिडकीखालचा त्याच्या टोपलीचा ओला गोल
वाळून पांढरा पडला.

काल आला. शर्ट ढगळ,
मनगटावर दवाखान्याची चिकटपट्टी तशीच.
डिझेल नको होतं, उगाच आला होता.
मी विचारलं, 'तांडेल, काय झालं होतं?'
त्यानं आधी मागे वळून बघितलं,
पोरं लांब होती, मान खाली, मोबाइलमध्ये.
मग खिडकीच्या गजाशी तोंड आणून,
हळू, जुन्या अर्थानं,
'हुंगून गेलं.'

तो गेल्यावर मी रजिस्टर उघडलं.
नौका: त्याची. लिटर: शून्य. सही: नाही.
शेऱ्यात तेवढंच लिहिलं, निळ्या शाईत.

ऑडिटला येणारा साहेब नवीन आहे,
चिपळूणचा, पंचविशीतला.
वाचून हसेल.
त्याला वाटेल, कळलं.